अक्काची खुर्ची

मोतीबिंदूमुळे अक्काला वाचता येईना, म्हणून इंदूरच्या मराठी मंडळाचं कार्ड तिनं नातीला, वेदिकेला, वाचायला दिलं. नाटकाला दोन जणांचा प्रवेश, खुर्च्यांचे नंबरसुद्धा होते. पण वेदिकेला न्यायचं होतं मैत्रिणीला, नीरजाला.

"अक्का, हा प्रयोग फक्त शाळेच्या मुलांसाठी आहे," ती बिनधास्त म्हणाली.

"असं होय? मग जा बाई." अक्कानं आपली काश्मिरी शाल काढून दिली. "ही ने. थेटरात गारठशील."

देवासहून दोघी बसमध्ये खिदळत इंदूरला आल्या. केवढं मोठं थिएटर, केवढा तो मखमली पडदा! "सच्ची यार, महाल आहे!" नीरजा ओरडली. वेदिकेनं मागे वळून पाहिलं, तर सगळीकडे पिकलेली डोकी. शेजारच्या आजींनी शालीला हात लावला.

"ही तर विनोदिनीची! दर वर्षी इथंच बसते. तब्येत बरी आहे ना तिची?"

"हो, अक्का बरी आहे," वेदिका कशीबशी म्हणाली. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. लोक पोट धरून हसत होते आणि ही शालीचे गोंडे मोजत होती.

संध्याकाळी अक्का दारातच उभी होती. "सांग बघू, अगदी पहिल्यापासून!"

वेदिकेनं शाल तिच्या खांद्यावर घातली. "अक्का, ती तुझीच खुर्ची होती गं. मी खोटं वाचलं."

अक्का खाली बसली. मग म्हणाली, "आता तरी सगळं सांग. एक वाक्य गाळू नकोस."

आणि वेदिकेला एकही वाक्य आठवेना.