आधी ढकला, मग मोजा

मी अँबॅसिडरच्या डाव्या चाकामागचा दांडा बोलतोय. हसू नका. तुम्ही ज्या गाडीत पाय पसरून बसलात तिचं नाक रस्त्याला घासत नव्हतं, ते माझ्यामुळे. पण खाली वाकून कोण बघतंय? हॉर्नचं कौतुक, सीटकव्हरचं कौतुक. आम्ही आपले पोटाखालचे, चिखल खाणारे.

टॉर्शन बार हे माझं कागदावरचं नाव. अंगठ्याहून जाडसर, अडीच हात लांब, दोन्ही टोकांना दाते. शिक्षण दोनच इयत्ता: भट्टीत तापलो आणि तेलात बुडालो. पुढचं टोक चाकाला धरून, मागचं गाडीच्या सांगाड्याला. खड्डा आला की मी पिळतो, खड्डा गेला की सुटतो. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की त्या बाजूचं नाक वर, ढिला केला की खाली. इतकं सोपं. पण सोप्या कामात शिकलेली माणसं काय गोंधळ घालतात, ते मला विचारा.

सहासष्ट सालचा माझा जन्म. पहिली वीस वर्षं सरकारी नोकरी, देशाच्या राजधानीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात उतरलेल्या पाहुण्यांची ने-आण. पाहुणे येताना हलके असत, जेवून निघाले की जड. एखादा फारच फुगलेला साहेब बसला की मी मुद्दाम कर्रर्र करायचो. ड्रायव्हर आरशातून साहेबांच्या पोटाकडे बघायचा. मला बरं वाटायचं.

मग गाडी लिलावात निघाली आणि दीनानाथ साहेबांनी घेतली. हे मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि चूक कबूल करायची वेळ आली की इंग्रजी.

एक्क्याण्णवच्या दसऱ्याला माझी बाजू दोन बोटं खाली बसली होती. पंचवीस वर्षांत तुमचेही खांदे उतरतात, मी कधी काही बोललो? साहेबांनी हिंदुरावला बोलावलं. हिंदुराव म्हणजे पलटणीतल्या गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेला साताऱ्याकडचा हवालदार, पालमला छोटं गॅरेज. त्या दिवशी कॅन्टोन्मेंटात जुन्या पलटणीची शस्त्रपूजा आटोपून तो आला, तोवर इथे साहेबांच्या पत्नी कुमुदवहिनींनी गाडीची पूजा उरकलेली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, पुढे रांगोळी, चारही चाकांपुढे लिंबं. मुहूर्त अकरा बाविसाचा.

हिंदुरावनं जॅक लावला, बोल्ट आवळला, जॅक उतरवला. डावी बाजू भलतीच उंच राहिली. राहणारच. जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात. चार पावलं गाडी मागेपुढे केली की ती फाकतात आणि गाडी आपल्या जागी बसते.

"साहेब, चार पावलं ढकलू, मग मोजू," हिंदुराव म्हणाला.

"लिंबं चिरडतील ना. मुहूर्ताआधी चाक हलणार नाही. बिल्कुल नाही."

मग निदान बॉनेट धरून गाडी दोनदा दाबू द्या, असं तो म्हणाला. तर स्वस्तिक फिसकटेल, म्हणून तेही नाही. साहेबांनी वहिनींची शिवणाची टेप आणली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. डावीकडे दीड इंच जास्त.

"ढिला करा."

"साहेब, हे माप खोटं हाय."

"टेप खोटं बोलते? ढिला करा."

फौजेत राहिलेला माणूस, हुकूम ऐकायची सवय. त्यानं ढिला केला. टेप दोन्हीकडे सारखी आली. साहेबांनी खिशातल्या डायरीत लिहून खाली सहीसुद्धा ठोकली.

अकरा बावीसला मंडळी बसली. लिंबं फुटली, गाडी दहा पावलं गेली, आणि मी बसलो. मस्त बसलो. टायर मडगार्डला घासला, रबराचा वास सुटला. गेटवर शेजारच्या सरदारजींनी विचारलं, "क्यों जी, गाड़ी को लकवा मार गया?"

साहेब खाली उतरले, तोंड लाल. "दांडा डेड आहे," म्हणाले. "टोटली डेड."

मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "आधी ढकलली असती तर?"

"तू पूजेचं बघ."

माझ्या पंचवीस वर्षांचा निकाल 'डेड' या एका शब्दात लागला. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या गॅरेजात माझ्या जागी भंगारातला दांडा घातला. तिथल्या मिस्त्रीनं गाडी उतरवली, ढकलली, मग मोजली. अगदी बरोबर आली. लिंबं नव्हती ना आता आडवी! पण नाव कुणाचं झालं? त्या भंगाराचं. अजून आठवलं की अंगात पीळ भरतो.

मला हिंदुरावनं त्या मिस्त्रीकडून मागून घेतलं. तेव्हापासून मी पालमला पहार. अडकलेली चाकं उचकटतो, हातोडे खातो. जॅकवरून गाडी उतरली की हिंदुराव मला फरशीवर आपटतो, "आधी ढकला!" आणि सुटाबुटातली माणसं मुकाट ढकलतात. ती माझी करमणूक.

सहा वर्षांनी साहेबांची गाडी पुन्हा दारात आली. डावीकडेच कललेली. भंगाराचा दम संपला होता. हिंदुरावनं बोल्ट आवळला, जॅक उतरवला आणि मला आपटलं. साहेबांनी स्वतः ढकलली, धापा टाकत. टेप लावली. बरोबर आली. त्यांनी पुन्हा लावून बघितली, तेच माप.

मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा दांडा कुठला?"

"तुमचाच. दसऱ्याचा."

"तो डेड होता ना?"

"न्हाई साहेब. ढिला केल्याला हुता."

साहेब हळूच म्हणाले, "हिंदुराव, चूक माझी होती. परत बसवा त्याला."

मराठीत म्हणाले हो! माझ्या दोन्ही टोकांना मुंग्या आल्या. हिंदुरावनं माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"आता न्हाई बसायचा," तो म्हणाला. "हातोड्यानं दाते गेलं."

सहा वर्षं उशीर, त्या चार लिंबांपायी. तेवढ्यात मी हिंदुरावच्या हातातून निसटलो. कुठे पडलो ते सांगत नाही. साहेब आठवडाभर चप्पल घालून ऑफिसला गेले, एवढंच कळलं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. पूजा करा, लिंबं ठेवा, हवं तर नारळाची रास लावा. पण पोटाखालच्या कुणाला मेलेला ठरवण्याआधी गाडी चार पावलं ढकला. नाहीतर पालमला या. मी दाराशीच टेकून उभा असतो. पाय जरा जपून ठेवा.