उठवायचा राहिलेला डफ

मित्रांनो, मी डफ आहे. जुना आहे, तापट आहे आणि तोंडाचाही जरा फटकळच. मला काचेच्या कपाटात कोंडलं, त्याची ही गोष्ट. माझा गुन्हा काय म्हणाल, तर काहीच नाही. सगळ्यांची माझ्यावर फार भक्ती होती, एवढंच.

माझा जन्म बेंगळुरूतल्या यशवंतपूरचा. बाजारामागच्या गल्लीत नागनाथ नावाचा कारागीर होता. त्याने लाकडाचं कडं वाकवलं, शेळीचं कातडं भिजवून त्यावर ताणून मढवलं आणि उन्हात ठेवून दिलं. पहिल्याच थापेला मी असा कडाडलो, की समोरचा कांदेवाला दचकून ओरडला, "स्वल्प हळू रे बाबा!"

मला विकत घेतलं प्रतापरावांनी. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. नोकरी कारखान्यातली, पण जीव सगळा पोवाड्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी जे. पी. नगरात, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, दर रविवारी पोवाड्याचा वर्ग काढला. कुणीही यावं, शिकावं. मुलं त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकवर पोवाडा रचला होता. त्यातला शूर सरदार सकाळी निघतो आणि संध्याकाळपर्यंत एकाच सिग्नलला लढत राहतो! वीस पोरं "जी रं जी जी" करत हसून लोळायची. दमट हवेत मी सैल पडलो, की अण्णा मला शेगडीवर शेकायचे आणि लाडाने म्हणायचे, "उठा, राजे." काय दिवस होते ते!

मग ती खंडेनवमी आली. आमच्या मंडळात त्या दिवशी अवजारांबरोबर वाद्यंही पूजेला मांडतात. पूजेला बसलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला, ज्याने ठेवली त्यानेच ती उठवायची आणि कामाला लावायची. अण्णांनी ओल्या कुंकवात पंजा बुडवून माझ्या कातड्यावर पाच बोटं उमटवली. म्हणाले, "उद्या उठवतो हं तुला." त्याच संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत.

सुतकात मला कोण उठवणार? दसरा तसाच सरला. मंडळाचे विद्याधर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणाले, "उठवायचा मान ठेवणाऱ्याचा. आपण कोण?" आणि हौसेने काचेचं कपाट करून आणलं. मी आत, कुलूप बाहेर. किल्ली अण्णांच्या पत्नीकडे, कौशल्याक्कांकडे. दर रविवारी अक्का यायच्या, काच पुसायच्या आणि त्या पाच बोटांकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांचं दुःख मला कळत होतं हो. पण मी काय फोटो होतो का?

सगळ्यात मोठा छळ म्हणजे वर्ग माझ्या डोळ्यांदेखत चालायचा. अण्णांचा एक जुना विद्यार्थी शिकवायचा, पण डफाच्या जागी मोबाईलवरचा ठेका! पोरांना चेव आला तरी तो मेला चढायचा नाही, पोरं दमली तरी थांबायचा नाही. विसाची सात पोरं उरली. मला ओरडावंसं वाटे, पण थाप पडल्याशिवाय मला तोंड कुठलं? उन्हाळ्यात कातडं आवळायचं, पावसाळ्यात लोंबायचं. तिसऱ्या वर्षी कडेला चीर पडली. मी घाबरलो. इथेच, हार घातलेल्या अवस्थेत, आपण फाटणार, असं मला वाटू लागलं.

ती चीर दिसली भव्याला. अकरा वर्षांची पोर, डब्याच्या झाकणावर ठेका धरणारी. तिने वडिलांच्या मागे लागून थेट यशवंतपूरहून नागनाथला आणवलं. म्हातारा काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, याच्यावर हात फिरला नाही, तर हा उन्हाळा काही निघायचा नाही."

"अहो, पण वाजवला तर अण्णांची बोटं पुसली जातील!" विद्याधर म्हणाले.

अक्कांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "नको. तेवढीच राहिली आहेत माझ्याकडे."

संपलं, मी म्हटलं. पण भव्या रडतरडत भांडायलाच उभी राहिली. "अक्का, अण्णांनी मला उजवा हात शिकवला. डावा राहिला. मोबाईलला विचारलं तर तो सांगत नाही. मग मी कुणाला विचारू?"

अक्कांनी मूठ उघडून किल्लीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "सरी, बरं. डावा हात मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं रोज समोर बसून बघितलाय."

कुलूप उघडलं. अक्कांनी मला छातीशी धरून उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली. मी खोकल्यासारखा वाजलो. लाज वाटली मला! मग अक्कांनी भव्याचा डावा हात धरून बोटं कशी सोडायची ते दाखवलं. दहा वेळा, वीस वेळा. माझा घसा मोकळा होत गेला आणि कुंकू पुसत गेलं. शेवटी कातडं कोरं झालं आणि भव्याचे तळवे लालभडक. अक्कांनी ते तळवे आपल्या गालांना लावले आणि तीन वर्षांचं रडून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, पुन्हा. अंगठा सैल सोड."

मित्रांनो, नागनाथ म्हणतो, हे कातडं फार तर वर्षभर टिकेल. नाही टिकलं तर नाही! वाजता वाजता फाटलो तर मला मुळीच वाईट वाटणार नाही. तुमच्या घरी एखादं वाद्य मोठ्या मानाने कपाटात बसलं असेल, तर त्याला खुशाल नमस्कार करा आणि लगेच बाहेर काढा. वाजवता येत नसेल तर बेसूर वाजवा. आम्ही घेऊ सांभाळून.