दोन कपाटांचे साप

माझं बोलणं लोक निम्मं वजा करून ऐकतात, म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो. हे मात्र मोजूनमापून सांगतोय. सुतार आहे मी.

ज्या संग्रहालयात मी कपाटं करायचो, तिथंच माझी थोरली ताई बरण्यांच्या खोलीत कामाला होती. मेलेले प्राणी स्पिरिटात बुडवायचे आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवायची. तळ्यातले पाणसाप तिच्याकडे दोन जातींचे : रुंदतोंडे आणि चिंचोळतोंडे. नावं मोठ्या साहेबांनी ठेवलेली. साहेबांच्या मिशा अशा, की दारातून आधी त्या येत, लोक उठून उभे राहत आणि मग साहेब येत.

एकदा साहेबांनी मला त्या दोन जातींसाठी दोन कपाटं करायला सांगितली.

"एकच कर रे," ताई त्यांच्यादेखतच म्हणाली. "जात एकच आहे."

"कशावरून, बाई?"

"साहेब, वीस वर्षं मी यांची पोटं उघडतेय. रुंदतोंड्यांत एक नर निघाला नाही, चिंचोळतोंड्यांत एक मादी नाही. मग यांची पोरं काय टपालानं येतात?"

मी खो खो हसलो. साहेब हसले नाहीत. "तोंडं वेगळी, पोटातले मासेसुद्धा वेगळे. नवराबायकोत एवढा फरक?"

"मादीला पोटात पिल्लं वाढवायची असतात. ती खोल पाण्यात मोठा मासा धरते. जिचा जबडा रुंद तिला घास मोठा, आणि घास मोठा तिला पिल्लं जास्त. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, लेकींचे जबडे रुंदावत गेले. नर काठाशी बारीक मासळी टिपतो. त्याला एवढा जबडा घेऊन करायचंय काय? उलट बायकोच्या घासावर डोळा नाही, म्हणून तळ्यात दोघांचंही भागतं."

"तोंडानं काहीही सांगता येतं. महिन्याभरात दाखवा. नाहीतर ही खोली सोडायची आणि तिकिटाच्या खिडकीत बसायचं."

ताईचा चेहरा उतरला. तिकिटाच्या खिडकीत सगळेच जिवंत. तिथं तिचा जीव रमणार कसा?

दुसऱ्याच दिवशी तिनं कोळ्याकडून एक जिवंत, गाभण रुंदतोंडी आणली आणि टपात सोडली. हे साप अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. सर्पीणबाई एवढी फुगलेली, की टपात पाण्याला जागा उरेना. एकोणतीस दिवस ताई टपाशेजारी स्टूल टाकून बसली. सर्पीण ढिम्म. तिसाव्या दिवशी सकाळी साहेब बदलीचा कागद घेऊनच आले.

"काय बाई, आलं का टपाल?"

तेवढ्यात टपात खळबळ झाली. एक पिल्लू आलं. दुसरं. पाचवं.

"अरे, बघत काय बसलास? मोज!" ताई ओरडली.

कोपरापर्यंत ओला होऊन मी कॅलिपर लावला. पिल्लू रुंद तोंडाचं निघालं की ताई तपासून म्हणे, "मादी." चिंचोळं निघालं की, "नर." एकदाही उलटं झालं नाही.

"एका आईची आहेत, साहेब. अजून एक घाससुद्धा पोटात गेलेला नाही. तोंडं मात्र आत्ताच ठरलेली."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. गुडघे टेकले. स्वतः तपासली, एकेक करून. मग बदलीचा कागद फाडला.

"बाई, खोली तुमची. आणि माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून तुम्हीच नव्या लिहा."

"लिहिते की," ताई बाह्या सावरत म्हणाली. "पण जरा सरका, साहेब. अजून येतायत."