चार तास वीस मिनिटं

कुंडलिकने चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि मोबाईल पुन्हा लेकीपुढे धरला.

“वाच परत. काय लिवलंय त्यानं?”

“‘अजून गाडीतच.’ एवढंच हाय, आबा,” सृष्टी म्हणाली.

कुंडलिकचा मुलगा कुमार पहाटेच्या विमानाने मुंबईहून बँकॉकला निघाला होता, नोकरीवर. घरातलं परदेशी जाणारं पहिलंच माणूस. किती लांब, किती लांब, असा त्याच्या आईने, रत्नाने, आठवडाभर धोशा लावला होता. शेवटी सृष्टीने मोबाईलवर बघून सांगितलं, तीन हजार किलोमीटर, चार तास वीस मिनिटं. वेल्ह्याहून मुंबई गाठायलाही तेवढाच वेळ जातो, तेव्हा कुठं रत्नाचा जीव थाऱ्यावर आला.

विमान वेळेवर उतरलं. साडेनऊला कुमारने कळवलं होतं, कंपनीची गाडी घ्यायला आलीये. आता साडेचार झाले होते.

“हापिस इमानतळापासनं अर्ध्या तासावर, असं नोकरी लावून देणारा एजंट म्हणाला व्हता ना?”

“गर्दी आसंल रस्त्याला,” रत्ना भाकरी थापता थापता म्हणाली.

“सात तास?”

कुंडलिकने एकतीस वर्षं एसटी चालवली होती. वाटेत जेवायला थांबल्यावर कुमारने एक फोटो पाठवला होता. मागच्या पाटीवर गावाचं नाव होतं. ते त्याने सृष्टीला नकाशात शोधायला लावलं. बँकॉकपासून पार वर, चारशे किलोमीटरवर. तिथून एक रस्ता डोंगरातून पश्चिमेला गेला होता आणि एका नदीपाशी थांबला होता.

“नदीच्या पल्याड?”

“पल्याड दुसरा देश हाय, आबा.”

कुंडलिकने फोन लावला. बंद. एजंटला लावला. तोही बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सृष्टीने स्पीकर लावला.

“आबा, मी पोचलो. हितं सगळं चांगलं हाय. राहायला खोली हाय, जेवन हाय.” कुमार शाळेत धडा वाचल्यासारखा बोलत होता.

“हापिस कुठं हाय रं?”

पलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी बोललं. भाषा कळली नाही.

“बँकॉकातच. इमानतळाच्या जवळ.”

“मग सात तास कुठं फिरत व्हता?”

कुमारने ते ऐकलंच नाही जणू. “आबा, सृष्टीचा पासपोर्ट काढा. हितं पोरींना लई मागणी हाय. तिकीट कंपनी काढंल. लवकर पाठवा तिला.”

फोन कट झाला. कुंडलिकने उलटा लावून पाहिला. लागला नाही.

रत्ना पदराने डोळे पुसत हसत होती. “सुखरूप हाय माझं लेकरू. आन् बहिणीचं बी बघतोय बघा.” तिने लगबगीने कपाट उघडलं आणि सृष्टीचं आधार कार्ड शोधून काढलं. “कागदं कुठं द्यावी लागत्यात?”

कुंडलिकने ते कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं, आतल्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

“अव्हो, काय झालं?”

तो चपला घालून उंबऱ्याबाहेर उतरला, मग थांबून सृष्टीकडे वळला.

“दार आतनं लावून घे,” तो म्हणाला आणि भर उन्हात पोलीस ठाण्याच्या वाटेला लागला.