टाकीला पाजलेला घोट

इलारिया तिकोनाने सकाळपासून पाण्याचा थेंब टाकीजवळ येऊ दिला नव्हता. स्वतःचा चहाचा पेलासुद्धा तिने दाराबाहेर ठेवला होता. एल आल्तो शहरातल्या त्या कारखान्यात स्टीलचे नळ विजेने चकचकीत करायची नवी टाकी बसत होती, आणि ॲसिड भरायचं काम तिच्याकडे होतं. आधी फॉस्फोरिक, मग सल्फ्युरिक, थोडं थोडं, ढवळत ढवळत. घाई केली की टाकी तापते, आणि तापल्या टाकीत भलतंच काही पडलं की ती थुंकते. तशीच एक टाकी तिच्या बापाच्या तोंडावर थुंकली होती. चौदा वर्षं झाली, म्हातारा उन्हाकडे तोंड करून विचारतो, "उजाडलं का गं?"

म्हणून बाई घाबरली होती. चांगली टरकली होती, खोटं कशाला सांगा!

तापमापी ब्याऐंशीवर होती. नेमके तेव्हाच मालक फाउस्तो आत आले. मागोमाग त्यांची आई मेल्चोरा, डोक्यावर काळी हॅट, काखेत जळजळीत दारूची बाटली. शुक्रवार ना! नवी गाडी असो, यंत्र असो, शुक्रवारी चाल्ला करायचा, म्हणजे धरणीआईला दारू पाजायची आणि त्या यंत्रालाही. नाही पाजली तर यंत्र आपला वाटा माणसाकडून उकळतं. इलारियाही हे मानायची, अगदी मनापासून. तिथंच तर गोची होती.

"आजी, खाली ओता. टाकीत नको."

"चारी कोपरे झाले. आता हिच्या तोंडात."

"गरम आहे हो, उसळेल!"

"साठ वर्षं पाजतेय मी. ट्रक पाजले, भट्ट्या पाजल्या. तू कालची पोर मला शिकवणार?"

"ओतू दे गं," मालक हसले. "दोन थेंबांनी काय होतंय? उगाच रडारड."

इलारियाने ॲसिडच्या कामाचा आपला जाड चष्मा काढून म्हातारीपुढे धरला. "निदान हा तरी घाला." म्हातारीने तो झिडकारला आणि टाकीवर वाकली. बाटली कलली. इलारियाने चष्मा टाकून झाकण खेचलं. ते सरकलं, पण वीतभर फट राहिली, आणि त्या फटीतून दारू आत गेली.

फाड्‌कन टाकी उसळली. इलारियाने म्हातारीला ढकललं आणि हात आडवा धरून तोंड फिरवलं. बाही जळली. पाण्याच्या नळाखाली हात धरून ती ओरडत राहिली, "आजी, डोळे? डोळे?"

मेल्चोरा फरशीवर बसली होती, धडधाकट. तिची हॅट टाकीच्या कडेला पडली होती आणि तिला भोकं पडत होती. हसणारे मालक भिंतीला चिकटले होते.

हाताला पट्टी बांधून इलारिया दुपारी घरी गेली. म्हाताऱ्या बापाला ॲसिडचा तो वास लगेच कळला. तो चाचपडत उठला आणि त्याने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याची बोटं कपाळावरून गालांवर आली, मग पापण्यांवर थांबली.

"उघड," तो म्हणाला. तिने डोळे उघडले.

"मीट." तिने मिटले.

"पुन्हा उघड," म्हातारा म्हणाला. तो थांबेचना.