चौसष्ट हात आणि चारांची परवानगी

मी बोलतोय. कोण मी? घ्या! म्हणजे तुम्हीही मला ओळखलं नाहीत. मी प्रोसेसर, संगणकाचा मेंदू. तोही ऐरागैरा नाही हं, मोठमोठ्या सर्व्हरसाठी घडवलेला, चौसष्ट कोअरचा. कोअर म्हणजे आमचा काम करणारा हात समजा. तुम्हाला दोनच असतात, आणि त्यातला एक कायम मोबाईल धरण्यात अडकलेला, म्हणून समजावून सांगतोय.

माझा जन्म वाळूतून झाला. ऐकायला गरिबीतून वर आल्यासारखं वाटतं, पण तसं काही नाही. जिथे मी घडलो तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, त्यांची धूळ मला लागू नये म्हणून. एकाच चकतीवर आम्ही पुष्कळ भावंडं. तपासणीत ज्यांचे चार-सहा हात अधू निघाले, त्यांना हलकं नाव देऊन हलक्या बाजारात धाडलं. माझे सगळे शाबूत, म्हणून मला दागिन्यासारखी मखमली पेटी मिळाली. तेव्हापासून जी शेखी मिरवायला लागलो ती लागलोच.

पेटी उघडली ती पुलांचे आराखडे करणाऱ्या एका ऑफिसात. उघडली मामांनी. मामा म्हणजे साहेबांचे मेहुणे. साहेबांची मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळं ऑफिसही मामाच म्हणतं. संगणकाची सगळी खरेदी मामांकडे. त्यांना त्यातलं किती कळतं, हे विचारायची कुणाची छाती नाही, कारण घरी ताईसाहेब आहेत, म्हणजे साहेबांची बायको, म्हणजे मामांची सख्खी थोरली बहीण.

माझ्या शेजारच्या टेबलावर आणखी एक पेटी होती. तिच्यात तो. वर्कस्टेशनसाठी, म्हणजे टेबलावरच्या दमदार संगणकासाठी बनवलेला, सोळाच हातांचा, पण एकेक हात असा चपळ की बघत राहावं. माझा प्रत्येक हात जरा रमतगमत चालतो, ते मान्य. मोठ्या घरच्यांना घाई शोभत नाही. दोघांपैकी ऑफिसचं मुख्य काम कोणाकडे जाणार, ते ठरवायला मामांनी आमचा सामना लावला.

सामना कसला, तर एका स्वयंपाकघराचं चित्र रंगवायचं. काचेचे पेले, त्यांवर पडलेला उजेड, भिंतीवरच्या सावल्या. आता हे ऑफिस पुलांचं. इथे आजवर कोणी एक पेलाही रंगवलेला नव्हता. पण मामांनी व्हिडिओत असंच पाहिलं होतं, तेव्हा विषयच संपला. चित्राचे तुकडे माझ्या चौसष्ट हातांनी वाटून घेतले आणि साहेबांचा चहा निवायच्या आत रंगवून मोकळा झालो. त्या बिचाऱ्याचं अजून अर्धं स्वयंपाकघर अंधारात. टाळ्या पडल्या. मामा तर असे फुगले की जणू पेले त्यांनीच रंगवले होते.

"बघितलंत दाजी? सोळा कुठे आणि चौसष्ट कुठे!"

"तू सांगतोस म्हणजे बरोबरच असणार," दाजी म्हणाले. मेहुण्याला उलट बोलून घरी जेवायला बसायची त्यांची तयारी नव्हती.

मला मान मिळाला तो गणितवाल्या ताईंच्या टेबलाखाली. ऑफिसात आराखडे काढणारे चिक्कार, पण काढलेला पूल उभा राहील की नाही हे सांगणाऱ्या या एकट्याच. तो सोळा हातवाला गेला मामांच्या खोलीत. तिथे त्याला काम काय, तर माझ्यावर लक्ष ठेवायचं! माझा कुठला हात किती राबतोय, त्याच्या रेघा मामांच्या पडद्यावर उमटायच्या. मला मोठी मौज वाटली. हरलेल्याने जिंकणाऱ्याची नाडी मोजत बसायचं.

आणि मग खरं काम आलं. रुंद रस्त्यावर नवा पादचारी पूल बांधून तयार होता. पलीकडे शाळा. पुढच्या सोमवारी फीत कापायची, मंडपवाल्याला सांगून झालेलं. कागदावर ताईंची सही तेवढी बाकी होती, आणि ताई ती करेनात. पूल मोडायची भीती त्यांना नव्हती. भीती डुलण्याची होती. शाळा सुटली की पोरांचा लोंढा एकदम निघतो, पावलं नकळत एका तालात पडायला लागतात, आणि असा हलका पूल मग बाजूला झोके घेतो. एक पोर घाबरून पळालं की बाकीची त्याच्यामागे, आणि त्या गर्दीत कोण कुणाच्या पायाखाली जाईल याचा नेम नाही. त्या शाळेत ताईंची स्वतःची लेक होती, दुसरीत.

गणित माझ्यावर चढवलं सोमवारी सकाळी. बुधवारी दुपारी पडद्यावर अंदाज दिसला, उत्तर मिळेल फीत कापून झाल्यावर दोन दिवसांनी. ताई उठल्या आणि थेट मामांच्या खोलीत.

"मामा, हा फार हळू चालतोय."

"हळू? अहो, हे बघा!" मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. चार रेघा छताला टेकलेल्या, बाकीच्या साठ जमिनीवर लोळत पडलेल्या. "साठ हातांना घामसुद्धा नाही. केवढी ताकद शिल्लक आहे! जातिवंत म्हणतात तो हा."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. तिथूनच त्यांनी गणिताचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे चार कोअरचीच परवानगी आहे. वाढवून हवी तर अर्ज करा, महिनाभरात कळवतो."

हसा, हसा. चौसष्ट हातांचा मी, आणि चार सोडून बाकीचे बांधलेले. त्यातून माझा एकेक हात सावकाश, हे तर मीच मघाशी ऐटीत सांगून बसलो. चार हातांचीच शर्यत असती तर तो मला कधीच गाठून पुढे गेला असता. हे सामन्याआधी कोणी विचारलं नव्हतं. पेले रंगवायला परवानगी लागत नाही ना.

"मला तुमचा संगणक द्या," ताई म्हणाल्या.

"आणि दाजींना काय सांगू? हरलेल्याला पुढे केला म्हणून?" मामांचा आवाज चढला. "माझ्या निवडीला नावं ठेवताय तुम्ही."

ताई तशाच वळून परत आल्या, माझ्या पाठीमागे खोचलेली परवानगीची बोटभर चावी त्यांनी उपसली. माझं गणित जागच्या जागी थांबलं. खोटं कशाला बोलू, नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. मामा जेवायला गेले होते. परत येऊन बघतात तर ताई त्यांच्या खुर्चीत, चावी सोळा हातवाल्याच्या पाठीत आणि गणित सुरू.

"ही माझी खुर्ची आहे!"

"उत्तर आलं की उठते."

मामा तडक साहेबांकडे गेले. साहेब आले. त्यांच्या हातात पाहुण्यांना द्यायच्या निमंत्रणाचा नमुना होता. "ताई, अहो, सगळं ठरलंय. हातोहात सही करून टाका. गणित मागाहून येईलच की."

"साहेब, माझी लेक रोज त्या पुलावरून जाणार आहे. मामांचं कोण जाणार आहे ते विचारा, आणि त्यांची सही घ्या."

मामांना एकाएकी आठवलं की त्यांचा एक महत्त्वाचा फोन यायचाय.

सोळा हातवाला राबत राहिला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ताई येऊन बसल्या होत्या. रविवारी दुपारी उत्तर आलं. शाळा सुटायच्या वेळी पूल डुलणार होता, आणि थोडाथोडका नाही. साहेबांनी ते आकडे उभ्यानेच वाचले, मग खाली बसले. माणूस मेहुण्याला भितो, पण वाईट नाही. त्यांनी तिथूनच एकामागून एक फोन केले. फीत, मंडप, पाहुणे, सगळं पुढे ढकललं. मग पुलाच्या पोटाखाली वजनं बसवली. पूल एका बाजूला झुकला की ती उलट बाजूला ओढतात. पूल काही महिन्यांनी उघडला, आणि आता शाळा सुटली तरी ढिम्म उभा असतो.

तुम्हाला वाटेल, यानंतर मामा तोंडावर आपटले असतील. छे हो! मामाच ते. पाहुण्यांपुढे भाषण कोणी केलं? मामांनी. "आमच्या चौसष्ट कोअरच्या यंत्राने धोका वेळेत ओळखला." साहेब बुटांकडे बघत राहिले. ताई मागच्या रांगेत लेकीला पाणी पाजत होत्या.

आणि मला बढती मिळाली. सध्या मुक्काम ऑफिसच्या दारात, काचेच्या कपाटात. आत रंगीबेरंगी दिवे, खाली पितळी पाटी. मला चालू ठेवतात, पण काम म्हणून काही देत नाहीत. दिवसभर स्वतःचे दिवे पेटवायचे आणि स्वतःच गरम व्हायचं. सामने मात्र मी अजून जिंकतो. कोणी पाहुणा आला की मामा पेले रंगवून दाखवतात. मला लाज वाटते हो. चौसष्ट हातांनी एकदा तरी एखादा पूल तोलून बघायची फार इच्छा होती, पण ती परवानगी मागायचा अर्ज अजून कोणी केलेला नाही.

परवा त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. माझ्यापुढे उभ्या राहिल्या, काचेवर हात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडू रे? आमची पोरं तुझ्यामुळे सुखरूप आहेत." मामा शेजारी उभे राहून मान डोलावत होते. ताई फाईल घेऊन त्यांच्या मागून जायला वाट मागत होत्या.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पंखा तेवढा जोरात फिरला. मामा म्हणाले, "बघा, ऐकतोय तो!"

तुमचं तरी लक्ष आहे ना माझ्याकडे? मग एवढं करा. त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांना माझ्यापुढे थांबू देऊ नका. सरळ आत न्या. खिडकीजवळचं शेवटचं टेबल. टेबलाखाली माझ्या जागी आता तो आहे, सोळा हातांचा, त्याला दिवेबिवे काही नाहीत. आणि टेबलाशी एक बाई मान खाली घालून बसलेल्या असतील. जे माझ्या काचेला सांगितलंत, ते त्यांना सांगा म्हणावं.