तळाशी बसलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवट काचेची बाटली आहे. दिसायला काही खास नाही. गळ्याशी एक बुडबुडा राहून गेला म्हणून कारखान्यातच मला बाजूला काढलं होतं. मग कुणी माझ्यात एरंडेल भरलं, कुणी अडगळीत टाकलं आणि शेवटी जुन्या बाटल्यांच्या टोपलीतून मी बेंगळूरला चामराजपेटेत कस्तुराबाईंच्या घरी आले. कस्तुराबाई निपाणीकडच्या. नवऱ्याला इथल्या गिरणीत काम लागलं म्हणून लेक तानूला घेऊन नुकत्याच आलेल्या. कानडीचा एक शब्द येत नव्हता. पण काय माया होती त्या हाताला! राखेनं घासून त्यांनी मला असं लख्ख केलं की माझं मलाच नवल वाटलं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावनच्या सुमाराची. तेव्हा इस्पितळात औषधाला जाताना बाटली घरूनच न्यावी लागे. खिडकीतला माणूस औषध भरून द्यायचा आणि बाटलीच्या पोटावर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध.

कस्तुराबाईंना जुलाब लागले आणि त्या मला घेऊन खिडकीशी गेल्या. आत बिंदुमाधव होता. फार्मसी शिकणारा, प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी आलेला. हात मोठा सफाईदार हो त्याचा! वजन काटेकोर, खलात घोटलेली पूड मैद्यासारखी. खडूची भुकटी, त्यात थोडी अफू, असं ते औषध होतं. ही पूड पाण्यात विरघळत नाही, ठेवली की खाली बसते. म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची असते. तसं लेबल त्यानं माझ्यावर अगदी सरळ चिकटवलं. लेबल इंग्रजीत होतं.

"दादा, ह्ये कसं घ्यायाचं वो?" कस्तुराबाईंनी विचारलं.

आता ऐका. बिंदुमाधव चामराजपेटेतल्याच जुन्या मराठी घरातला. आईशी रोज मराठीत बोलणारा. पण अंगात पांढरा कोट होता आणि बरोबरीची मुलं ऐकत होती. खेडवळ बाईशी घरच्या भाषेत बोलायची त्याला लाज वाटली. "लेबल बघा," असं इंग्रजीत म्हणून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी मला कुणी हलवलं नाही. वरवरचं पाणी संपत गेलं आणि खाली पांढरा थर जाड होत गेला. मला सगळं कळत होतं हो! पण करणार काय? शेवटी कस्तुराबाईंनी मला उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "आगं, समदं सत्त्व तर खालीच बसलंय!" औषध वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी माझ्यात पाणी ओतलं, खळबळून घेतलं आणि ते सगळं एका दमात प्यायल्या. दोन दिवसांची अफू एकदम पोटात गेली. आणि ती इतका वेळ सांभाळून ठेवली होती मीच.

दुपारी त्या उठेनात. श्वास फार सावकाश चालला होता. शेजाऱ्यांनी टांग्यातून इस्पितळात नेलं. तानूच्या हातात मी होते. डॉक्टरीणबाई म्हैसूरकडच्या. त्या म्हणाल्या, "औषधात अफू नावापुरतीच आहे. जुलाबानं अंगातलं पाणी गेलंय." औषधखान्याचे प्रमुख भीमाचार्य यांनी बिंदुमाधवला बोलावून घेतलं आणि विचारलं, "हलवून घ्यायला सांगितलं होतंस ना?"

"लेबल लावलंय, सर," तो म्हणाला.

इतक्यात तानू रडत ओरडली, "आईनं पानी घालून तळाचं समदं प्यालंय वो!"

तिथं कुणालाच मराठी येत नव्हतं. पोर आईसाठी रडतेय असंच सगळ्यांना वाटलं. कळलं फक्त बिंदुमाधवला. त्यानं खाली पाहिलं. ते वाक्य कानडीत सांगायचं म्हणजे आपल्याला मराठी येतं हे कबूल करणं आलं, आणि मग खिडकीत का बोललो नाही तेही सांगणं आलं. सरावाचा दाखला बुडाला असता. अरे बोल ना बाबा, असं माझ्या अगदी गळ्याशी आलं होतं.

कस्तुराबाईंचा श्वास मध्येच अडला. तसा तो धावत डॉक्टरीणबाईंपुढे गेला. "मॅडम, ती म्हणतेय, तळाची सगळी अफू पोटात गेलीय. मला तिची भाषा येते. हलवून घ्यायला मी सांगितलं नव्हतं. माझी चूक आहे." सगळी धावपळ सुरू झाली. रात्रभर इलाज चालले आणि कस्तुराबाई वाचल्या. भीमाचार्यांनी त्याला सराव पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. त्यानं हूं की चूं केलं नाही.

बाईंना बरं वाटल्यावर तो खाटेशी येऊन उभा राहिला. "मावशी, चुकलो मी. हलवून घ्या म्हणून सांगायला हवं होतं," तो मराठीत म्हणाला.

"आगं बया! तुमास्नी मराठी येतंया व्हय?" कस्तुराबाईंचा चेहरा फुलला. "मग त्या दिशी..." बोलता बोलता त्या थांबल्या. त्याच्या पांढऱ्या कोटाकडे पाहून त्यांनी पदर नीट केला आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कामात असशीला."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बिंदुमाधव तोंड फिरवून रडला, आणि मला तर रडताही येईना.

पुढे मला कितीदा उकळत्या पाण्यातून काढलं. मी स्वच्छ आहे, पण माझ्या मनातून ते जात नाही. मित्रांनो, उद्या फार्मसी शिकून तुमच्यापैकी कुणी अशा खिडकीत उभं राहील. वजन नीट करा, लेबल सरळ लावा, हे तर कराच. पण बाटली देताना समोरच्या माणसाकडे बघा आणि त्याला कळेल अशा भाषेत दोन शब्द बोला. आम्हा बाटल्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.